चांगला घड पेटीत, सुटे मणी घरात : एका द्राक्षबागायतदाराचा प्रकरण अभ्यास

सांगलीत विश्रामबागला माझं समुपदेशन केंद्र आहे. नवऱ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांकडून मी बहुतेक वेळा दारूचं ऐकते, पत्त्यांचं ऐकते, मारहाणीचं ऐकते. मार्चअखेरीस तासगाव तालुक्यातून आलेल्या बाईंची तक्रार वेगळी होती आणि ती सांगताना त्यांनाच अवघडल्यासारखं होत होतं. "मॅडम, तसं बघायला गेलं तर ह्यांच्यात काय खोट न्हाई. सुपारीसुद्धा खात न्हाईत. फकस्त थांबत न्हाईत." नवरा शेजारी बसून मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघत होता.

गृहस्थ ४३ वर्षांचे, बीएस्सी अ‍ॅग्री झालेले. सहा एकर बाग, त्यातली चार एकर निर्यातीची. घरात बायको, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि ७४ वर्षांचे वडील. मी त्यांना पहिल्यापासून 'दादा' म्हणत आले, इथेही तेच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायची परवानगी दोघांकडून घेतली आहे.

पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. छातीत धडधड. मिरजेला ईसीजी झाला, टू-डी एको झाली, थायरॉइड तपासून झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं, तर दादांनी तेही काम म्हणून अंगावर घेतलं. मोबाईलवर प्राणायामाचं अ‍ॅप घेतलं, पहाटे चारला बसायला लागले, आणि एखादा दिवस चुकला की तो चुकल्याचं टेन्शन. हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. मला तेव्हाच वाटलं, या माणसाबरोबर काम करता येईल.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की हंगाम उत्तम गेला होता. रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट स्वच्छ, माल पहिल्या झटक्यात पास, गावात सगळ्यात चढा दर त्यांच्या बागेला. मग गाडी निघाली त्या दिवशी काय वाटलं, असं मी विचारलं.

"गाडी गेटाबाहेर गेली तवा पाच मिनिटं बरं वाटलं. मग वाटलं, औंदा दर सगळ्यांलाच बरा हुता. आपण काय वेगळं केलं?"

रोझ शाफ्रन, झाफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न या तिघा संशोधकांनी २००२ साली परिपूर्णतेच्या हट्टाची जी मांडणी केली, तिच्यातला एक धागा नेमका हाच आहे. माप गाठता आलं नाही की माणूस स्वतःला दोष देतो. गाठता आलं की त्याला मापच लहान वाटायला लागतं आणि तो ते वर सरकवतो. त्यामुळे जिंकलेला दिवस खात्यावर जमाच होत नाही. त्यांच्या मते दुखणं उंच मापाचं नसतं. स्वतःची सगळी किंमत त्या एका मापावर टांगलेली असते आणि नुकसान दिसत असूनही ती तिथून काढून घेता येत नाही, हे दुखणं.

नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत दादांना २७ पैकी १४ गुण पडले, म्हणजे मध्यम पातळीचं नैराश्य. आत्महत्येबद्दल मी सरळ विचारलं. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. "मरावं असं न्हाई वाटत. पण कधी कधी वाटतं, पडलोय तिथंच पडून ऱ्हावं, उठूच ने." बागायतदाराच्या घरात फवारणीची औषधं हाताशी असतातच. म्हणून त्याच दिवशी ठरलं, औषधांच्या खोलीची किल्ली बायकोकडे राहील आणि फवारणीला लागेल तेवढंच औषध मोजून बाहेर निघेल. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी सहा महिने गोळ्या दिल्या. म्हणून पुढे जो फरक पडला त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि बोलण्याचा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही.

घर

वडिलांनी हात कधी उगारला नाही, शिवी कधी दिली नाही. दादांच्या बोलण्यात त्यांच्याविषयी निव्वळ आदर. ज्या गोष्टीवर मी थांबले ती त्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती, हंगामाचं वर्णन करता करता सहज येऊन गेली. त्यांच्या घरात चांगला घड कुणी खात नसे. पॅकिंगच्या वेळी घडातून कात्रीने काढलेले बारीक, डागी, तडकलेले मणी पाटीत साठायचे, ती पाटी घरी यायची. चांगलं ते पेटीत, सुटे मणी घरात. पाहुण्यांना पेटी जायची तीही निवडून. "आमी ल्हानपणी द्राक्ष म्हंजे सुटे मणीच समजत हुतो," दादा म्हणाले. बागायतदारांच्या कितीतरी घरांत हीच रीत असेल आणि तिथली मुलं मजेत वाढली असतील, त्यामुळे याच्यावर सगळा सिद्धान्त उभा करायचा मोह मी आवरला. पण वहीत नोंद केली.

दुसरी गोष्ट २०१० ची. त्या हंगामात लिहोसीनच्या अंशामुळे भारतातली द्राक्षं युरोपात अडकली होती. लिहोसीन म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची शाकीय, म्हणजे पानाफांद्यांची, वाढ रोखायला वापरायचे. दादांचा मालही त्यात सापडला. आदल्याच वर्षी वडिलांनी बाग त्यांच्या हाती दिली होती. वडील काय म्हणाले? "काय न्हाई. चार दिवस बागंत आले न्हाईत, एवढंच."

मग २०१९. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस हटेना, फुलोऱ्यातल्या बागांत गळ आणि कूज झाली, जिल्ह्यातल्या असंख्य बागा गेल्या. दादांचीही दीड एकर गेली. त्यावर दादांचं म्हणणं, "छाटणी आठ दिवस उशिरा घ्यायला पायजे हुती. माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं." मी विचारलं, शेजारच्या ज्यांच्या बागा गेल्या ते सगळे मूर्ख का? "न्हाई, त्यांचं पावसानं गेलं."

शेजाऱ्याचं पावसानं गेलं, माझं माझ्यामुळे गेलं. हे वाक्य पुढे वर्षभर आमच्या दोघांच्या मध्ये बसून होतं.

गावाचा वाटा

कामाच्या व्यसनासाठी इंग्रजीत 'वर्कोहोलिझम' हा शब्द आहे. दारूच्या व्यसनावरून, 'अल्कोहोलिझम'वरून, बेतलेला हा शब्द वेन ओट्स यांच्या १९७१ सालच्या पुस्तकाने रुजवला. आपल्याकडे ही उपमा कुणाला पटत नाही, कारण दारू पिणाऱ्याला गाव नावं ठेवतं आणि राबणाऱ्याला फेटा बांधतं. दादांना तालुक्याच्या चर्चासत्रांत मंचावर बसवत. मेव्हण्याने तेवढं सांगून पाहिलं होतं, फळाची आशा धरू नये. द्राक्षवाल्याला!

शिवाय चहाच्या गाड्यावरचा प्रश्न ठरलेला, "पेटीला किती पडला?" चार किलोच्या पेटीचा दर विचारला जातो आणि उत्तर माणसाला चिकटतं. कमी दर पडलेला माणूस दोन-दोन आठवडे गाड्यावर फिरकत नाही, फिरकलाच तर दहा-वीस रुपये वाढवून सांगतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. दहावीच्या मार्कांचं वेगळं काय असतं? दादांनी मुलीला सराव परीक्षेनंतर विचारलेला प्रश्नही "किती पडले?" असाच होता. ९१ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "नऊ कुठं गेले?" बायकोने हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खाली बघत राहिले.

माझी चूक

तिसऱ्या भेटीत मी पुस्तकी सल्ला दिला. आठवड्यातला एक दिवस बागेत जायचं नाही, 'चांगलं' पुरे झालं, 'उत्तम' नको. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावर वेल खरडून काढायची छाटणी, नुकतीच झालेली. दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, येलीला रविवार कळत न्हाई." आणि पाच आठवडे आले नाहीत.

त्यांचं बरोबर होतं. निर्यातीच्या बागेत अचूकपणाला पर्याय नाही. औषधाचं प्रमाण चुकलं किंवा काढणीआधी पाळायचे दिवस मोडले तर माल परत येतो. पावसानंतर दावण्या या बुरशीरोगावर फवारणी दोन दिवस लांबली तर घड हातचा जातो. अशा माणसाला 'जरा सैल सोड' म्हणणं म्हणजे त्याचा धंदा न समजणं. मी त्यांचं माप खाली आणायला निघाले होते. मापाला हात लावायची गरजच नव्हती. त्या मापाने स्वतःला मोजणं तेवढं थांबवायचं होतं.

मेच्या शेवटी बायकोचा फोन आला आणि मी बागेत गेले. एरवी मी असं करत नाही. मंडपाखाली सात-आठ बायका फुटींची विरळणी करत होत्या. दादा त्यांच्या मागच्या ओळीत होते, झालेल्या वेलीवर पुन्हा हात फिरवत. मी एका वयस्क बाईंशी बोलत उभी राहिले. त्या गटाच्या मुकादम. हळू आवाजात म्हणाल्या, "मालक मागनं येऊन परत करत्यात. मग आमी तरी कशाला जीव काढायचा?"

या वाक्याने प्रकरण उलगडलं. दादांचा विश्वास होता की मी नजर काढली की काम बिघडतं, आणि ते खरंही होतं. बिघडत होतं कारण ते मागून दुरुस्त करणार हे बायकांना माहीत होतं. त्यांचा पुरावा त्यांच्याच हाताने रोज तयार होत होता. दिवसाचे पाच तास याच दुरुस्तीत जात होते.

दोन वह्या

त्या दिवशी निघताना मी फवारणीची वही मागितली. निर्यातीसाठी ती ठेवावीच लागते. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, पाणी किती, कारण काय. मोत्यासारखं अक्षर.

"दादा, ह्यात 'आज मी गाढवपणा केला' असं कुठं लिहिलंय?"

"ह्यात कशाला तसलं लिहायचं? ही तपासणीला दाखवायची असती."

"मग डोक्यातल्या वहीत रोज कोण लिहितंय?"

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी दुसरी वही ठेवली. स्वतःविषयी जो निकाल मनात येईल तो जसाच्या तसा लिहायचा. पन्नासच्या वर नोंदी झाल्या. 'माझ्यात दम न्हाई.' 'आण्णा असते तर हे झालं नसतं.' (आण्णा म्हणजे वडील. ते होते, शेजारच्या खोलीत.) 'लोकांस्नी अजून कळलं न्हाई म्हणून बरं हाय.' मग आम्ही प्रत्येक नोंद पहिल्या वहीच्या भाषेत पुन्हा लिहायला बसलो. 'माझ्यात दम न्हाई' याचं झालं: 'प्लॉट २, भुरी दिसली, फवारणी दोन दिवस उशिरा, कारण ब्लोअर बंद.' (भुरी हाही बुरशीरोग, ब्लोअर म्हणजे फवारणीचं यंत्र.) वाचून दादा म्हणाले, "ह्याच्यावर काहीतरी करता येतंय. वरच्यावर काय करायचं?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. हे वाक्य मी याआधी शंभर जणांना सांगितलं असेल आणि त्यातल्या नव्वदांनी मान डोलावून सोडून दिलं असेल. दादांना ते कळलं कारण त्यांच्या घरात तशी वही आधीच होती. असं आयतं काही हाताला लागणं हा नशिबाचा भाग. पुढच्या माणसाकडे अशी वही असेलच असं नाही.

पचायला सोपं मात्र गेलं नाही. जुलैत त्यांनी खरा प्रश्न विचारला. "स्वतःला शिव्या घालायचं सोडलं तर मी कामच करीन का? आजपर्यंत त्याच्यावरच गाडी चालली." ही भीती अशा जवळजवळ प्रत्येक माणसाला असते आणि ती वाद घालून जात नाही. मी एवढंच विचारलं, पहाटे तीन ते सहा जागून त्या बागेचं कुठलं काम होतं? उत्तर आलं नाही. वर्ष जाऊ द्या, बागेवरच बघू, असं ठरलं.

चार ओळी

ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली. डिसेंबरात मण्यांची विरळणी आली तेव्हा आम्ही प्रयोग आखला. चार ओळी मुकादम बाईंच्या. काम कसं हवं ते आधी एका घडावर करून दाखवायचं, मजुरी तीच, पण मागून हात फिरवायचा नाही. दादांनी भाकीत लिहून दिलं, तिसरा हिस्सा घड निर्यातीतून जातील. पहिल्या संध्याकाळी ते दोनदा त्या ओळींच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. हे बायकोने कळवलं.

जानेवारीत मणी मोजायची रिंग घेऊन घड तपासले. मुकादम बाईंच्या ओळींत आणि दादांच्या ओळींत फरक शेकड्याला दोन-तीन घडांचा. दादा खूश झाले. मला मात्र तितकंसं बरं वाटलं नाही. प्रयोग यशस्वी झाला म्हणून त्यांना बरं वाटत होतं, म्हणजे पुन्हा निकालावरच सगळं. बिघडलं असतं तर काय झालं असतं, हे अजून कळायचं होतं.

ते पावसानेच दाखवलं. मण्यांत पाणी उतरलं होतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले होते, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री अवकाळी पडला. एका एकरातल्या मण्यांना तडे गेले. निर्यात संपली. तडकलेलं छाटून थोडा माल स्थानिक व्यापाऱ्याला गेला, उरलेला बेदाण्याला.

मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. गाड्यावर जायचं, आणि दर विचारला की खरा सांगायचा, पुढे 'पण पावसामुळं' असं काही न जोडता. एलिसच्या पद्धतीत लाज मुद्दाम ओढवून घ्यायचे असे व्यायाम असतात. तासगावच्या गाड्यावर त्याला वेगळं साहित्य लागत नाही.

दादांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत देते. "गेलो. एकानं इचारलं. आकडा सांगितला. दोन मिनिटं कोण काय बोलंना. मग शेजारचा म्हणाला, माझं त्येच्यापेक्षा खाली गेलंय. मग तिसरा बोलला. च्या गार झाला सगळ्यांचा." त्या वर्षी गाड्यावरच्या पाच-सहा जणांनी एकमेकांना खरे दर सांगितले आणि त्यातल्या तिघांना कळलं की एकच व्यापारी प्रत्येकाला वेगळा भाव सांगत होता. हा फायदा माझ्या आराखड्यात नव्हता.

दोन रात्री झोप गेली, तिसऱ्या रात्री लागली. २०१९ ला त्यांना दोन महिने लागले होते.

स्थिती

बारा महिन्यांत सतरा भेटी. चाचणीचे गुण १४ वरून सप्टेंबरात ७, पुढच्या मार्चमध्ये ५. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत बंद झाल्या. औषधांच्या खोलीची किल्ली अजून बायकोकडेच आहे, ती व्यवस्था बदलायचं कारण दोघांनाही दिसत नाही. दुरुस्तीचे पाच तास तासाभरावर आले. पूर्ण थांबलेले नाहीत. ढग आले की ते अजून रात्री मंडपाखाली बॅटरी घेऊन फिरतात, आणि मी त्याला लक्षण म्हणावं की शेती, हे ठरवू शकलेले नाही. मुलीशी जे झालं होतं ते एवढ्यात भरून येणारं नाही. ती अजून मार्क आधी आईला सांगते.

फेब्रुवारीतल्या भेटीत त्यांना घरी करायला एक शेवटचं काम दिलं होतं. सगळ्यात चांगल्या ओळीतला सगळ्यात चांगला घड कापायचा आणि घरात सगळ्यांनी मिळून खायचा. दादा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे अवघड हाय."

आठ दिवसांनी त्यांनी केलं. अर्धा किलोचा घड ताटात मधोमध ठेवला. मुलं हात लावेनात, त्यांना वाटलं कुणाकडे तरी द्यायचा आहे. बायको पदराला हात पुसत उभी. शेवटी आण्णाच पुढे झाले. एक मणी तोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"साखर भरली न्हाई अजून," म्हणाले. "चार दिवस थांबायला पायजे हुतं."

दादा सांगतात, त्यांना हसू आवरेना. मुलीलाही.